पाइनच्या रानातली माती आणि सहा महिने

क्षयाचा उपचार सुरू झाला की पहिल्या दिवशीच लघवी केशरी होते. आरोग्यसेविका आधी बजावून ठेवते, तरी घरातली माणसे दचकतात, कारण घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही तोच रंग चढतो. एका गोळीत चार औषधे एकत्र असतात. रंग मात्र त्यांतल्या एकट्या रिफॅम्पिसिनचा. नात्यागोत्यात कुणीच कधी ही गोळी घेतलेली नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. तिच्यातल्या या लाल द्रव्याचा उगम दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी, सां-राफाएल गावाजवळच्या पाइनच्या रानात आहे. १९५७ साली तिथली थोडी माती इटलीतल्या मिलान शहरी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. क्षय आणि कुष्ठरोग या दोन पुरातन आजारांनी माणसाच्या आयुष्यातली जी वर्षे गिळली होती, त्यांतली पुष्कळशी त्या मातीतल्या एका जिवाणूमुळे परत मिळाली. हा लेख त्या वर्षांचा हिशेब आहे.

हिशेब मांडायचा तर आधीची परिस्थिती पाहावी लागते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाच वर्षे उलटायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी क्षयानेच गेल्या. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेली ही डॉक्टर, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झालेली, आणि वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शत्रूचे नाव कळले होते. त्याला मारायचे साधन पुढची साठ वर्षे कुणाच्या हाती नव्हते. तोवर उपचार म्हणजे कोरडी हवा, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती. पाचगणीला आणि मिरजेला सॅनेटोरियमे उभी राहिली ती याच काळात. आजारी फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून छातीत सुईने हवा भरून ते मुद्दाम आकसवत. त्याने भागले नाही तर बरगड्या काढत. माणूस महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे खाटेवर पडून राही. घरातला कर्ता पुरुष तिथे गेला की मागे घर कसे चालले असेल याची नोंद कुठल्याच दवाखान्याच्या वहीत सापडत नाही.

१९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखाली काम करणारे अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूला मारणारे हे पहिले प्रतिजैविक. मरणाला टेकलेली माणसे उठून बसली. पण काही महिन्यांतच त्यांतल्या अनेकांचा खोकला परतला, कारण जंतू औषधाला सरावले होते. मग पास नावाचे औषध जोडीला आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि एकाच वेळी दोन-तीन औषधे दिली तर जंतूला निसटता येत नाही हा धडा पक्का झाला. क्षय खऱ्या अर्थाने बरा होऊ लागला. मात्र त्याला दीड ते दोन वर्षे लागत.

ही दीड-दोन वर्षे हीच पुढची भिंत होती. १९५६ मध्ये मद्रासला क्षय उपचार केंद्र सुरू झाले. रोग्याला सॅनेटोरियमात ठेवा किंवा त्याच्या गर्दीच्या, अर्धपोटी घरातच औषध द्या, गुण सारखाच येतो, हे त्या केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले. भारतीय भूमीवर झालेल्या या प्रयोगाने जगभरच्या सॅनेटोरियमांची गरजच संपवली. त्याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते. खाट गेली, पण कालावधी राहिला. दोन-तीन महिन्यांत ताप उतरतो, वजन वाढते, भूक लागते. माणूस कामावर जाऊ लागतो. त्यानंतर आणखी सव्वा वर्ष रोज मूठभर गोळ्या गिळायच्या आणि त्यासाठी मजुरी बुडवून दवाखान्यात खेपा घालायच्या, हे गिरणीतल्या कामगाराला किंवा शेतमजुराला कसे जमावे? लोक औषध सोडत. त्यांना अडाणी ठरवणे सोपे होते, आणि पुष्कळांनी ते ठरवलेही. दोष खरे तर औषधांच्या मंदपणाचा होता.

स्ट्रेप्टोमायसिनच्या यशानंतर औषध कंपन्या मातीच्या मागे लागल्या. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पहिल्या पावसाचा वास ज्यांच्यामुळे येतो ते अॅक्टिनोमायसीट नावाचे, बुरशीसारख्या तंतूंनी वाढणारे जिवाणू आपल्या परिसरातल्या इतर जिवाणूंना मारक ठरतील अशी रसायने बनवतात. क्लोरॅम्फेनिकॉल व्हेनेझुएलाच्या मातीतून आले. बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून, तिथल्या एका मिशनऱ्याने अमेरिकेला पाठवलेल्या पुडीतून, व्हँकोमायसिन आले. कंपन्या आपल्या विक्रेत्यांना, प्रवाशांना, धर्मोपदेशकांना सांगून ठेवत: जाल तिथली माती आणा.

मिलानची लेपेटी ही अशीच एक कंपनी. ती जगातल्या बड्या कंपन्यांत मोडत नव्हती. तिचे प्रमुख रॉबेर्तो लेपेटी फॅसिस्टविरोधी लढ्यात सामील होते म्हणून त्यांना पकडले गेले, आणि युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, एबेन्झेच्या नाझी छळछावणीत त्यांचा अंत झाला. युद्धाने पोळलेल्या देशात या कंपनीने स्वतःची प्रतिजैविके शोधायचा कार्यक्रम हाती घेतला. रसायनशास्त्रज्ञ पिएरो सेन्सी आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मारिया तेरेसा तिम्बाल त्या कामाच्या केंद्रस्थानी होते. पिन्हास मार्गालिथ हे आणखी एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते.

काम कंटाळवाणे होते, आणि ते तसेच सांगितले पाहिजे. माती सुकवायची, पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचे, आगरच्या बशीवर पसरायचे आणि वाट पाहायची. मग उगवलेल्या वसाहतींतून अॅक्टिनोमायसीट तेवढे वेचायचे, प्रत्येकाला वेगळे वाढवायचे, त्याचा रस रोगजंतूंवर टाकून पाहायचा. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. घडले तर ते द्रव्य आधीच कुणीतरी शोधलेले निघते, नाहीतर जंतूबरोबर उंदीरही मरतो. सां-राफाएलच्या मातीतून निघालेल्या एका जिवाणूला या ओळीत एमई/८३ असा क्रमांक मिळाला. त्याच्या रसाने स्टॅफिलोकॉकससारखे जंतू तर मेलेच, शिवाय क्षयाच्या जंतूच्या कुळातले जिवाणूही मेले. त्या वेळी प्रयोगशाळेत नव्या द्रव्यांना चित्रपटांची टोपणनावे देण्याची पद्धत होती. ज्यूल दासँ यांचा 'रिफीफी' हा दरोड्यावरचा फ्रेंच चित्रपट १९५५ साली आला होता आणि गाजत होता. त्यावरून या द्रव्याचे नाव रिफोमायसिन आणि पुढे रिफामायसिन झाले. जिवाणूला स्ट्रेप्टोमायसीस मेडिटेरॅनी म्हटले गेले. १९५९ मध्ये सेन्सी, मार्गालिथ आणि तिम्बाल यांनी पहिला अहवाल छापला.

इथवरची कथा अनेक प्रतिजैविकांची आहे. पुढे जे झाले ते सहसा सांगितले जात नाही, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण रानातल्या जिवाणूने दिलेले द्रव्य औषध म्हणून जवळजवळ निरुपयोगी होते.

पहिली अडचण अशी की एमई/८३ एक द्रव्य बनवत नव्हता. त्याच्या रसात रिफामायसिनांचे एक कुटुंबच होते, ए पासून ई पर्यंत, आणि ती एकमेकांपासून सुटी होत नव्हती. स्फटिकाच्या रूपात शुद्ध मिळाले ते फक्त बी. जिवाणू वाढवण्याच्या द्रावात बार्बिटल हा क्षार घातला तर तो बाकीची भावंडे बनवायचे सोडून जवळपास निव्वळ बी बनवतो, असे लक्षात आले. मोठा पेच सुटला. पण हाती आलेले रिफामायसिन बी तपासले तर ते जंतूंवर जवळपास काहीच करत नव्हते. मिश्रण प्रभावी होते आणि त्यातला शुद्ध भाग निष्प्रभ.

इथे एखादी प्रयोगशाळा हात झटकून पुढच्या क्रमांकाकडे वळली असती. मिलानच्या मंडळींनी एक बारीक गोष्ट टिपली: रिफामायसिन बी पाण्यात विरघळवून हवेशी संपर्क ठेवून तसेच राहू दिले, तर ते द्रावण जितके शिळे होई तितके प्रभावी होत जाई. बी आपोआप बदलत होते. प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे ओ होई, ओ चे एस होई, आणि एस ला थोडे रासायनिक वळण दिले की रिफामायसिन एसव्ही मिळे. हे एसव्ही जंतूंना मारत होते आणि विषारीही नव्हते. निसर्गाने दिलेल्या निष्प्रभ पदार्थातून माणसाने औषध घडवायची ही सुरुवात.

रेणूची रचना झुरिकमध्ये व्लादिमिर प्रेलोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात उलगडली, आणि रोममधल्या स्फटिकशास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी ती खरी ठरवली. अशी रचना तोवर कुणी पाहिली नव्हती: एक सपाट सुगंधी वलय आणि टोपलीला कडी असावी तशी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून गेलेली कार्बनची लांब साखळी. प्रेलोग यांना पुढे, १९७५ मध्ये, रेणूंच्या त्रिमित रचनेवरील कामासाठी नोबेल मिळाले.

रचना हाती आली, एसव्ही बाजारातही आले, आणि नवी अडचण उभी राहिली. एसव्ही तोंडाने घेतले तर अंगी लागत नव्हते. टोचले तर यकृत ते झपाट्याने पित्तात ढकलून बाहेर टाकी. पित्तमार्गाच्या जंतुसंसर्गावर ते उपयोगी होते, पण क्षयासाठी जे औषध महिनोन् महिने घ्यायचे ते टोचून आणि इतक्या थोड्या काळ रक्तात राहून कसे चालेल? लेपेटीने आता बाझलच्या सिबा कंपनीशी हातमिळवणी केली. मागणी स्पष्ट होती: तोंडाने घेता यावे, रक्तात टिकावे, क्षयाच्या जंतूवर अधिक जोरकस असावे. रेणूच्या कुठल्या भागाला हात लावला तर गुण जातो आणि कुठल्या भागाला लावला तर टिकतो, हे एकेक करून पाहत शेकडो रूपे तयार झाली. १९६५ मध्ये त्यांतले एक सगळ्या कसोट्यांना उतरले. तेच रिफॅम्पिसिन. १९६८ मध्ये ते इटलीत विक्रीला आले, १९७१ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. मारिया तेरेसा तिम्बाल १९६९ सालीच वारल्या. आपण वेचलेल्या जिवाणूने पुढे काय केले ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

हे औषध काय करते ते १९६७ मध्ये गुइडो हार्टमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. प्रत्येक जिवाणू आपल्या जनुकांची नक्कल आरएनएच्या रूपात काढत असतो, आणि ती काढणारे विकर त्याच्या जगण्याचा आधार असते. रिफॅम्पिसिन नेमके त्या विकरात जाऊन बसते आणि नकलेचा धागा दोन-तीन घटकांपलीकडे वाढू देत नाही. माणसाच्या पेशीतले तसेच विकर वेगळ्या घडणीचे असल्याने त्याला धक्का लागत नाही. मग ज्या जिवाणूने हे द्रव्य बनवले तो स्वतः कसा जगतो? त्याच्या विकरात ती बैठकच थोडी बदललेली आहे.

क्षयाच्या बाबतीत या यंत्रणेला एक विशेष अर्थ होता. रोग्याच्या फुप्फुसातले सगळे जंतू सारखे जागे नसतात. वाढणारे जंतू आयसोनियाझिड भराभर मारते. पण काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, मधूनच थोडा वेळ जागे होतात आणि पुन्हा निपचित पडतात. उपचार लवकर थांबवला तर आजार उलटतो तो यांच्यामुळे, आणि दीड वर्ष औषध चालू ठेवावे लागे तेही यांच्यासाठीच. जंतू जागा होताच पहिले काम करतो ते नक्कल काढण्याचे, आणि रिफॅम्पिसिन त्याच क्षणी त्याला गाठते. लंडनचे डेनिस मिचिसन यांनी हे स्पष्टीकरण मांडले.

कसोटी पूर्व आफ्रिकेत लागली. वॉलेस फॉक्स हे मद्रासच्या त्या प्रयोगामागचे डॉक्टर, आणि मिचिसन हेही मद्रासच्या कामाशी जोडलेले. या दोघांच्या सहभागाने ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने केनिया, टांझानिया, युगांडा आणि झांबियातल्या दवाखान्यांसोबत फक्त सहा महिन्यांचे उपचार करून पाहिले. १९७२ पासून निकाल प्रसिद्ध होऊ लागले. स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड एवढ्यावरच सहा महिन्यांनी थांबवले तर शंभरातल्या सुमारे २९ जणांचा आजार उलटत होता. त्यात रिफॅम्पिसिन घातले की हा आकडा ३ वर आला, म्हणजे दीड वर्षाच्या उपचारांइतकाच. पुढे पायराझिनामाइड जोडीला घेऊन सहा महिन्यांचा उपचार जगभर पक्का झाला.

दीड वर्षाचे सहा महिने. ज्याने कुणी घरातल्या माणसाला शेवटच्या महिन्याच्या गोळ्या समजावून, रागावून, हाताला धरून घ्यायला लावल्या असतील, त्याला या वजाबाकीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण हे मोल सुरुवातीला पैशांतही मोजावे लागत होते. सत्तरच्या दशकात रिफॅम्पिसिन इतके महाग होते की ज्या देशांत क्षयरोगी सर्वांत जास्त, त्यांनाच ते परवडत नव्हते. पूर्व आफ्रिकेच्या दवाखान्यांत ज्या उपचाराची परीक्षा झाली तो तिथल्याच लोकांच्या आवाक्याबाहेर होता, आणि ही गोष्ट औषधांच्या इतिहासात वारंवार घडलेली आहे म्हणून तिची बोच कमी होत नाही. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट ठेवले, त्यामुळे देशी कंपन्यांना वेगळ्या वाटेने तेच औषध करता आले. १९६८ मध्ये देशबंधू गुप्ता यांनी मुंबईत सुरू केलेली ल्युपिन ही क्षयाच्या औषधांच्या जोरावरच मोठी झाली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या क्षयौषध उत्पादकांत गणली जाऊ लागली. किंमत उतरली. १९९७ पासून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात डॉट्सच्या नावाने ही औषधे सरकारी दवाखान्यांत फुकट मिळू लागली: सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, अलीकडे रोज, वजनाच्या हिशेबाने, एकाच गोळीत चार.

कुष्ठरोगाची बाजू याहून हृदयाला भिडणारी आहे, आणि तिथे महाराष्ट्र अगदी मध्यभागी येतो.

वर्धा जिल्ह्यात दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढले. सेवाग्रामला संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन, आणि १९५१ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेले गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान. या माणसांनी रोग्याला माणूस म्हणून जवळ केले. औषध मात्र त्यांच्याजवळ फार तोकडे होते. आधी कडू कवठीच्या जातीच्या बियांचे तेल टोचत. चाळिशीच्या दशकात डॅप्सोन आले. स्वस्त, गुणकारी, पण फार सावकाश. ज्याच्या अंगात जंतू भरपूर त्याला ते जन्मभर घ्यावे लागे. १९६४ मध्ये मलेशियातल्या सुंगेई बुलोच्या वसाहतीत डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले, आणि तसे रुग्ण इतर देशांतही सापडत गेले.

त्याच सुंगेई बुलोमध्ये आणि इतरत्र १९७० च्या सुमारास रिफॅम्पिसिन देऊन पाहिले गेले. डॅप्सोनला जे काम कित्येक महिन्यांत जमत नव्हते ते याने दिवसांत केले. एका मोठ्या मात्रेने अंगातले जिवंत जंतू शंभरातले नव्याण्णवाहून अधिक मरतात, म्हणजे काही दिवसांतच त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ संपते. गावकुसाबाहेरच्या झोपडीचे, वेगळ्या पाणवठ्याचे, मोडलेल्या संसारांचे सगळे समर्थन ज्या एका भीतीवर उभे होते, ती भीती काही दिवसांच्या औषधाने पुसली जाऊ शकत होती. समाजाच्या मनातून ती तितक्या लवकर गेली नाही, हा औषधाचा दोष नव्हे.

ऑक्टोबर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचार सुचवला: रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. यात एक सुंदर हिशेब होता. कुष्ठरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो; एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदाच, आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत दिले तरी पुरते. महागड्या औषधाचा खर्च एकदम आवाक्यात आला. भारतात हा उपचार ज्या पहिल्या जिल्ह्यांत जिल्हाभर राबवला गेला त्यांत वर्धा होता. तिथे घरोघर पाहणी करणारे, चट्टा ओळखणारे, गावाशी बोलणारे कार्यकर्ते तीस वर्षांपासून तयार होते. दिवाण, पटवर्धन, आमटे यांच्या पिढीने जी जमीन नांगरली होती तिच्यात हे औषध पडले. १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला.

१९८५ मध्ये जगभरात ५० लाखांहून अधिक कुष्ठरोगी नोंदलेले होते. तेव्हापासून दीड कोटीहून अधिक माणसे या उपचाराने बरी झाली. जन्मभराचे औषध दोन वर्षांवर, मग एक वर्षावर आणि सौम्य प्रकारात सहा महिन्यांवर आले. १९९५ पासून ते जगभर विनामूल्य मिळते. २००० पासून ते नोव्हार्टिस पुरवते, आणि ही नोव्हार्टिस म्हणजे ज्या सिबाच्या मदतीने रिफॅम्पिसिन घडले तिच्याच विलीनीकरणांतून १९९६ मध्ये जन्मलेली कंपनी. २००५ च्या अखेरीस भारताने देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. त्या सरासरीखाली गडचिरोली, चंद्रपूर, पालघर झाकले गेले, आणि 'कुष्ठरोग गेला' असे आपणच आपल्याला सांगितले. आजही जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरोगी भारतातले आहेत.

क्षयाच्या बाजूनेही हिशेब फिरला आहे. ज्या विकरात रिफॅम्पिसिन जाऊन बसते, त्याच्या जनुकातल्या जेमतेम ८१ अक्षरांच्या पट्ट्यात एखादा बदल झाला की औषधाची पकड सुटते. असे बदल निसर्गतः होतच असतात. अर्धवट उपचार, एकट्याने दिलेले औषध, चुकीच्या मात्रा यांनी तेवढेच जंतू शिल्लक राहून वाढतात. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. 'कुठल्याच औषधाला दाद न देणारा' या शब्दांवरून वाद झाला. रोगी खरे होते. रिफॅम्पिसिन निकामी झाले की सहा महिन्यांचा तो हिशेब मोडतो, आणि बरीच वर्षे अशा रुग्णांना पुन्हा दीड-दोन वर्षांच्या, त्याहून कडक औषधांकडे जावे लागले. अलीकडच्या नव्या औषधांनी तोही काळ पुन्हा सहा-नऊ महिन्यांवर येऊ लागला आहे.

ते ८१ अक्षरी ठिकाण इतके नेमके असल्याचा एक फायदा मात्र झाला. थुंकीतल्या जंतूचा तेवढाच पट्टा वाचला की औषध लागू पडेल की नाही ते कळते. २०१० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली, आपल्याकडे सीबीनॅट म्हणून ओळखली जाणारी तपासणी दोन तासांत हे सांगते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते, वीज आणि वातानुकूलन नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते, आणि २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. पूर्वी जंतू वाढवून हे उत्तर मिळवायला आठवडेच्या आठवडे जात.

दरम्यान जिवाणूचे नाव बदलत राहिले. स्ट्रेप्टोमायसीस मेडिटेरॅनीचा १९६९ मध्ये नोकार्डिया झाला, १९८६ मध्ये अमायकोलॅटॉप्सिस. २००४ मध्ये दिल्ली विद्यापीठातले रूप लाल आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांसह त्यांच्या सहकाऱ्यांनी रिफामायसिन बनवणारे एक वाण बारकाईने तपासून ती वेगळीच जात असल्याचे दाखवले. तिला अमायकोलॅटॉप्सिस रिफामायसिनिका म्हणतात. सेन्सी तेव्हा हयात होते. ते २०१३ मध्ये वारले. रूप लाल यांच्या गटाने मग जिवाणूच्याच जनुकांत फेरफार करून त्याला किंचित वेगळी साखळी विणायला लावली. १९६५ मध्ये मिलानच्या रसायनशास्त्रज्ञांनी जी कडी तशीच ठेवून बाकी बदलले होते, तिलाच इथे हात लावला गेला. त्यातून मिळालेल्या नव्या रिफॅम्पिसिनने प्रयोगशाळेत काही प्रतिरोधी क्षयजंतूही मारले. २०१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. तिथून रुग्णापर्यंतचा रस्ता लांब आहे.

कुष्ठरोगात मात्र रिफॅम्पिसिनचा एक नवा उपयोग आधीच दारात पोचला आहे. बांगलादेशात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिली, तर पुढच्या दोन वर्षांत त्यांना कुष्ठरोग होण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले. २०१५ पासून पालघरला लागून असलेल्या दादरा-नगर हवेलीत, वारली आणि इतर आदिवासींच्या पाड्यांवर, भारताने हे करून पाहिले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. आता नवा रुग्ण सापडला की आशाताई त्याच्या घरी जाते, घरातल्यांची आणि आसपासच्यांची त्वचा तपासते, क्षयाची लक्षणे नाहीत ना याची खात्री करते, आणि प्रत्येकाला वजनाप्रमाणे त्या लाल औषधाची एक मात्रा आपल्यासमोर घ्यायला लावते.